स्त्रिया व बालके यांचा अनैतिक व्यापार

लैंगिक शोषणाच्या हेतूने स्त्रिया वा बालके यांना बळाने, फसवणुकीने, आमिष दाखवून अथवा त्यांच्या असहाय परिस्थितीचा गैरफायदा घेऊन मिळविणे, त्यांची ने-आण, खरेदी-विक्री वा हस्तांतर करणे आणि त्यांना डांबून ठेवून त्यांच्या कमाईवर जगणे, या कृत्यांना एकत्रितपणे अनैतिक व्यापार अशी संज्ञा आहे. वेठबिगारी, सक्तीची मजुरी, भीक मागविणे, मानवी अवयवांची विक्री इ. प्रयोजनांसाठी होणाऱ्या व्यापक मानवी व्यापाराचा तो एक भाग होय. वेश्याव्यवसाय व अनैतिक व्यापार या संकल्पना एकमेकींशी निगडित असल्या, तरी एकरूप नाहीत. वेश्याव्यवसायात शरीरसंबंधाचा मोबदला अभिप्रेत असतो; व्यापारात त्रयस्थाने व्यक्तीचाच माल केलेला असतो. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे अनेक देशांत, विशेषतः भारतात, प्रतिबंधक कायद्यांचा बडगा व्यापाऱ्यापेक्षा व्यापाराला बळी पडलेल्या स्त्रीवरच अधिक वेळा बसला, असे दिसून येते.

इतिहास : प्राचीन भारतात गणिकांवर राज्यसत्तेचे नियंत्रण असे. कौटिलीय अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली असून गणिकेच्या मुक्ततेसाठी २४,००० पण एवढा निष्क्रय ठरवून दिला आहे. गणिका ही जणू राज्याची मालमत्ता होती आणि तिला मोकळे होण्यासाठी किंमत मोजावी लागे, हे यावरून स्पष्ट होते. पेशवेकालीन महाराष्ट्रात कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री राजरोस चाले. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, मुलुखगिरीत पकडून आणलेल्या आणि बदकर्माच्या आरोपावरून सरकारने दासी केलेल्या स्त्रियांचा त्यांत भरणा असे. ब्रिटिश अंमलात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीस असलेली न्यायालयीन मान्यता काढून घेण्यात आली आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेने अल्पवयीन मुलींची वेश्याव्यवसायासाठी विक्री व खरेदी हे दोन्ही गुन्हे ठरविले (कलमे ३७२ व ३७३).

तथापि याच सुमारास सरकारने वेगळ्या मार्गाने या व्यवसायाला आश्रय दिला. सैनिकांना गुप्तरोगांची बाधा होऊ नये, म्हणून १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमान्वये वेश्यांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली; मात्र गिऱ्हाईक असलेल्या सैनिकाला कायद्याने हात लावला नाही. इंग्लंडमधील अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर (१८२८–१९०६) या समाजसेविकेने मोठे आंदोलन उभारले. परिणामी ते कायदे १८८६ मध्ये रद्द झाले आणि भारतातील कायदाही १८८८ मध्ये मागे घेण्यात आला. बटलरबाईंच्या चळवळीतूनच मुलींच्या व्यापाराचा प्रश्न चव्हाट्यावर आला. विल्यम स्टेड या पत्रकाराने १८८५ मध्ये पॅल मॅल गॅझेट या पत्रातून लंडनमधील अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर लेखमाला लिहिली. तीमुळे उसळलेल्या लोकक्षोभामुळे ब्रिटिश संसदेने मुलींचे संमतिवय त्याच वर्षी १३ वरून १६ वर नेले. असा व्यवहार किती सहज होतो हे दाखविण्यासाठी स्टेडने स्वतःच एक मुलगी ‘विकत’ घेतली होती. त्याबद्दल त्याला तीन महिने कारावास भोगावा लागला.

मुंबई शहर : कामाठी मजुरांच्या वस्तीमुळे नाव पडलेला कामाठीपुरा हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेश्यावस्ती म्हणून प्रसिद्धीस आला. बंदर, लष्कर, गिरण्या आणि कुटुंबावाचून राहणारा प्रचंड पुरुष कामगारवर्ग ही त्याची कारणे होत. यूरोपीय स्त्रियांच्या वस्तीमुळे तेथील एका गल्लीस सफेद गल्ली असे नाव मिळाले. गोऱ्या स्त्रियांच्या व्यापाराची चर्चा इंग्लंडातील वृत्तपत्रांतून होई. त्याच वस्तीत दख्खनातून व कोकणातून आणल्या जाणाऱ्या मुलींची दखल मात्र क्वचितच घेतली जाई. १९१७ मध्ये डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका स्त्रीचा अमानुष छळामुळे मृत्यू झाला. त्या खटल्यामुळे स्त्रियांना कर्जात अडकवून व कोंडून ठेवण्याच्या पद्धतीवर प्रथमच प्रखर प्रकाश पडला. मुंबई सरकारने १९२१ मध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली व १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक अधिनियम संमत झाला. दलाल व भाडखाऊ यांना शासन करणे हा त्याचा प्रमुख हेतू होता. तथापि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीलाही त्याने गुन्हेगार ठरविले. पुढील कायद्यांतही ही द्विधा वृत्ती कायम राहिली.

धर्माच्या नावाखाली मुली वाहण्याच्या प्रथेने या व्यापारास महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागात कायमचा पुरवठा केला. सौंदत्तीच्या यल्लम्मास वाहिलेल्या जोगतिणी आणि खंडोबास वाहिलेल्या मुरळ्या या बहुतांशी दलित व अन्य वंचित जातींतील असत. देवाशी लग्न लागलेल्या मुलीस दुसरा विवाह निषिद्ध असल्यामुळे ती वयात येताच दलालाला आयतीच सापडे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लोकजागृती केली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण अधिनियमाने असे समर्पण बेकायदा ठरविले. कर्नाटकाने १९८२ मध्ये व महाराष्ट्राने २००५ मध्ये याविषयी नवे कायदे केले (⟶ देवदासी).

व्यापाराचे स्वरूप : लोकसमजुतीत या व्यापाराशी पळवापळवी व गुंगीचे औषध यांची सांगड घातली जाते. प्रत्यक्षात बळजोरीने पळविण्याचे प्रकार त्या मानाने थोडे असतात. मुलीस घराबाहेर काढणारी व्यक्ती बहुधा ओळखीची असते : नातेवाईक, शेजारीण, गावाकडे परत आलेली एखादी स्त्री, लग्नाचे वचन देणारा तरुण किंवा शहरात घरकामाची नोकरी लावून देणारा मध्यस्थ. दुष्काळ, पूर, बापाचे व्यसन वा मृत्यू, हुंड्याची ऐपत नसणे आणि नवऱ्याने टाकणे, ही कारणे पुनःपुन्हा आढळतात. खोट्या लग्नाची युक्ती विशेष परिणामकारक ठरते. कारण त्यात आईबाप स्वतःच मुलीला निरोप देतात आणि पुढे महिनोन् महिने तक्रारही करीत नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही गरिबी व सामाजिक वंचना यांचा या व्यापाराशी असलेला निकट संबंध दिसून आला.

एकदा विक्री झाली, की मुलीची किंमत हेच तिचे कर्ज बनते. कुंटणखान्याच्या मालकिणीने, म्हणजे मुंबईतील बोलीत ‘घरवाली’ने, दलालाला दिलेली रक्कम, प्रवासखर्च, कपडेलत्ते, औषधपाणी व पोलिसांना चारलेले पैसे हे सर्व तिच्या खाती मांडले जाते आणि त्यावर व्याज चढते. हिशेब मालकिणीकडेच असल्याने कर्ज केव्हा फिटले, हे ठरविणारीही तीच. आरंभीच्या काळात मुलीस बाहेर जाऊ दिले जात नाही व मारहाण, उपासमार यांनी तिचा विरोध मोडून काढतात. काही वर्षांनी तिला ‘अधिया’ पद्धतीवर, म्हणजे निम्मी कमाई मालकिणीस देण्याच्या बोलीवर, ठेवण्यात येते. तोवर तिला मूल झालेले असते, गावी परतण्याची वाट बंद झालेली असते आणि अनेकदा रोगही जडलेला असतो. यानंतर तिने तेथेच राहणे पसंत केले, तर त्यास स्वेच्छा म्हणावे काय, हा या विषयातील सर्वांत बिकट प्रश्न होय. यातूनच काही स्त्रिया पुढे स्वतः घरवाल्या होतात, ही बाबही दुर्लक्षून चालत नाही. बळी व गुन्हेगार यांच्यातील सीमारेषा अशा वेळी पुसट होते.

नेपाळमधून मुंबईकडे येणारा मार्ग दीर्घकाळ कुप्रसिद्ध होता. १९५० च्या भारत-नेपाळ करारान्वये दोन्ही देशांच्या नागरिकांना सीमा ओलांडण्यास पारपत्र लागत नाही. दोन्ही देशांतील गरिबांना उपजीविका देणाऱ्या या मोकळीकीचा दलालांनी फायदा घेतला. सिंधुपाल्चोक व नुवाकोट यांसारख्या डोंगराळ जिल्ह्यांतील मुली मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. बांगला देश व पश्चिम बंगाल, तसेच आंध्र प्रदेश व कर्नाटक या प्रदेशांतूनही मुंबई-पुण्याकडे असे मार्ग होते. अलीकडे वेश्यावस्त्यांचे महत्त्व घटले आहे. जागांच्या वाढत्या किमती व पुनर्विकास यांमुळे कामाठीपुऱ्यातील वस्ती आक्रसली आहे आणि व्यापार खाजगी सदनिका, लॉज, मालिशकेंद्रे व भ्रमणध्वनी यांच्या आश्रयास गेला आहे. त्यामुळे शोध घेणे अधिक कठीण झाले आहे. मुलीला जाळ्यात ओढण्यापासून गिऱ्हाईक मिळविण्यापर्यंतचे व्यवहार समाजमाध्यमांतून होऊ लागले आहेत.

हा व्यवहार चोरटा असल्याने त्याची नेमकी मोजदाद होऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २·७६ कोटी व्यक्ती सक्तीच्या श्रमात अडकलेल्या होत्या. त्यांपैकी ६३ लक्ष व्यक्तींचे लैंगिक शोषण होत होते व त्यांत बालकांचे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक होते. या संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार सक्तीच्या श्रमातून मिळणारा बेकायदा नफा वर्षाकाठी २३,६०० कोटी डॉलर असून त्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग लैंगिक शोषणातून येतो. त्या मानाने भारतात २०२२ या वर्षी मानवी व्यापाराच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांची एकूण संख्या २,२५० होती. हा आकडा गुन्ह्यांपेक्षा नोंदणीविषयीच अधिक सांगतो.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : १९०४ च्या पॅरिस करारात ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असा शब्दप्रयोग होता आणि त्याचा भर बंदरे व रेल्वेस्थानके यांवरील देखरेखीवर होता. १९१० च्या करारान्वये वीस वर्षांखालील मुलीस तिच्या संमतीने जरी या मार्गास लावले, तरी तो गुन्हा ठरला. राष्ट्रसंघाच्या १९२१ च्या करारात वर्णवाचक विशेषण गळाले, बालकांचा समावेश झाला व वयोमर्यादा २१ वर गेली. ब्रिटिश हिंदुस्थानने मात्र आपल्यापुरती ती १६ ठेवण्याची मुभा राखून ठेवली. या कराराच्या अनुषंगाने १९२३ मध्ये दंडसंहितेत ३६६ अ व ३६६ ब ही कलमे घालण्यात आली. १९३३ च्या करारात प्रौढ स्त्रियांचाही अंतर्भाव झाला. संयुक्त राष्ट्रांनी २ डिसेंबर १९४९ रोजी हे सर्व करार एकत्र करणारा नवा करार संमत केला. भारताने त्यावर ९ मे १९५० रोजी स्वाक्षरी केली. त्यानंतर सु. अर्धशतकाने, १५ नोव्हेंबर २००० रोजी, संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संधिपत्राने (पालेर्मो प्रोटोकॉल) मानवी व्यापाराची आज सर्वमान्य असलेली व्याख्या दिली. कृती, साधन व हेतू हे तिचे तीन घटक होत. बळजोरी, फसवणूक इ. साधने वापरली असल्यास बळी व्यक्तीची संमती गैरलागू ठरते आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत साधनाचा विचारच करावा लागत नाही. भारताने या संधिपत्रास २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. सार्क देशांनीही २००२ मध्ये काठमांडू येथे याविषयी एक करार केला.

भारतीय कायदा : संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार व वेठबिगारी यांना मनाई केली आहे. हा मूलभूत हक्क केवळ राज्यसंस्थेविरुद्ध नसून खाजगी व्यक्तींविरुद्धही आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. १९४९ च्या कराराची पूर्तता म्हणून संसदेने १९५६ मध्ये स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा अधिनियम केला. तो १९५८ मध्ये अंमलात आला. १९७८ व १९८६ मध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि दुसऱ्या सुधारणेने त्याचे नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम असे झाले. मुलगे व पुरुषही त्याच्या कक्षेत आले.

या अधिनियमाने वेश्याव्यवसाय हा स्वतंत्र गुन्हा ठरविलेला नाही. कुंटणखाना चालविणे, अठरा वर्षांवरील व्यक्तीने दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायावर उपजीविका करणे, व्यक्तीस या व्यवसायासाठी मिळविणे वा डांबणे, सार्वजनिक स्थळांच्या आसपास हा व्यवसाय करणे आणि त्यासाठी आवाहन करणे, हे गुन्हे होत. बालकास मिळविणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बालक कुंटणखान्यात सापडल्यास त्यास डांबून ठेवले होते, असेच न्यायालय प्रथमदर्शनी गृहीत धरते. छापा घालताना स्त्री पोलीस बरोबर असणे आवश्यक आहे. कागदोपत्री ही व्यवस्था बरीच कडक दिसते. पण आवाहनासंबंधीचे आठवे कलम पाहिले, की तिचा कल कळून येतो : त्यान्वये स्त्रीस पहिल्या अपराधासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तर पुरुषास सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. पोलिसांच्या दृष्टीनेही रस्त्यावरील स्त्रीस पकडणे सोपे आणि मालक, घरमालक व सावकार यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड. साहजिकच अनेक वर्षे या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांत स्त्रियांचाच भरणा राहिला. स्त्रीस विशिष्ट क्षेत्रातून हद्दपार करण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये वैध ठरविला होता. हे कलम अद्यापि कायद्यात आहे.

न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर २०१३ मध्ये दंडसंहितेचे ३७० वे कलम नव्याने लिहिण्यात आले आणि ‘मानवी व्यापार’ या गुन्ह्याची तपशीलवार व्याख्या प्रथमच दंडसंहितेत आली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्यायसंहितेत ही तरतूद कलम १४३ मध्ये आहे. बालकाच्या व्यापारासाठी किमान दहा वर्षे व कमाल जन्मठेप अशी शिक्षा तीत असून या व्यापारात सहभागी असणाऱ्या लोकसेवकास आमरण कारावास सांगितला आहे. पुढील कलमानुसार, व्यापारास बळी पडलेल्या व्यक्तीचे जाणूनबुजून लैंगिक शोषण करणारासही शिक्षा होते. बालकांच्या बाबतीत २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम (पॉक्सो) महत्त्वाचा आहे. हरवलेल्या बालकाविषयीच्या प्रत्येक तक्रारीवर पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला. तोवर अशा तक्रारी साध्या नोंदवहीत पडून राहत व शोधाचे पहिले काही दिवस, जे सर्वांत मोलाचे असतात, वाया जात.

गोव्यातील अनुभव निराळा आहे. तेथे मडगाव येथे अनाथ मुलांचा आश्रम चालविणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. आश्रमातील मुलगे तो परदेशी पर्यटकांना पुरवीत असल्याचे सिद्ध होऊन १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. लैंगिक शोषणाचे बळी मुलगेही असतात आणि पर्यटन व परोपकार हे दोन्ही त्याचे आवरण होऊ शकतात, हे या खटल्याने दाखवून दिले. राज्याने २००३ मध्ये गोवा बालक अधिनियम करून स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली.

सुटका व पुनर्वसन : फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी शहरातील वेश्यावस्तीवर छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया ताब्यात घेतल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. एवढ्या जणींना ठेवण्याजोगी व्यवस्था नसल्याने त्यांना निरनिराळ्या शासकीय गृहांत दाटीवाटीने ठेवावे लागले. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्याबाबत प्रारंभी चालढकल केली. अखेर त्या देशातील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभरांहून अधिक मुली जुलै १९९६ मध्ये मायदेशी नेल्या. सुटका ही एका रात्रीत होते, परंतु तिच्यानंतरच्या व्यवस्थेस वर्षे लागतात, हे या घटनेने शासनास व संस्थांना शिकविले. छाप्यात सोडविलेली मुलगी पुन्हा त्याच वस्तीत दिसणे ही गोष्ट कार्यकर्त्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. घरच्यांनी न स्वीकारणे, हाती कसब नसणे आणि खटला वर्षानुवर्षे लांबणे, ही त्यामागील कारणे होत. साक्ष होईपर्यंत मुलीचा ठावठिकाणा लागत नाही व आरोपी सुटतो.

केंद्र शासनाने २००७ मध्ये उज्ज्वला ही सुटका व पुनर्वसनाची योजना सुरू केली. २०२२ पासून तिचे काम शक्ती सदन या योजनेत समाविष्ट झाले आहे. मानवी व्यापारविरोधी पोलीस पथके अनेक जिल्ह्यांत स्थापन झाली आहेत. स्वयंसेवी संस्थांपैकी नेपाळमधील माइती नेपाळ (स्थापना १९९३), हैदराबादमधील प्रज्वला व मुंबईतील प्रेरणा (स्थापना १९८६) या उल्लेखनीय होत. वेश्यावस्तीतील स्त्रियांची मुले रात्री धंद्याच्या वेळी कोठे जातात, या साध्या प्रश्नातून प्रेरणा संस्थेने कामाठीपुऱ्यात रात्र-निवारा केंद्र काढले. आईच्या खाटेखाली किंवा रस्त्यावर रात्र काढणाऱ्या मुलींना पुढे त्याच व्यवसायात ओढले जाते. ही साखळी मुलीच्या लहानपणीच तोडणे हा त्यामागील विचार होय. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये अशा मुलांच्या शिक्षण व संरक्षणाविषयी निर्देश दिले.

मतभेद : प्रतिबंधाच्या मार्गांविषयी तज्ज्ञांत व कार्यकर्त्यांत तीव्र मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते वेश्याव्यवसाय हेच शोषण असून मागणी रोखल्याशिवाय व्यापार थांबणार नाही. स्वीडनने १९९९ पासून गिऱ्हाइकास दंडनीय ठरवून स्त्रीस शिक्षामुक्त केले, ते याच भूमिकेतून. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रौढ स्त्रीच्या स्वेच्छेचा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून काढला, तरच ती पोलीस व दलाल यांच्या तावडीतून सुटेल व अल्पवयीन मुलींची माहिती देण्यास पुढे येईल. न्यूझीलंडने २००३ मध्ये हा मार्ग पत्करला. सांगली येथील संग्राम व कोलकाता येथील दरबार महिला समन्वय समिती या संघटनांची भूमिका अशीच आहे. एड्सप्रतिबंधाच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या या संघटनांनी वस्तीत अल्पवयीन मुलींना आणण्यास स्वतःच अटकाव केल्याची उदाहरणे आहेत. पण कर्जात बांधलेली नवी मुलगी ‘मी स्वखुशीने आले’ असे पढविल्याप्रमाणे सांगते, हा पहिल्या पक्षाचा आक्षेपही खोटा नाही.

न्यायालयांचा कल अलीकडे प्रौढ स्त्रीच्या इच्छेस महत्त्व देण्याकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यात सापडलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत प्रौढ व स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना छाप्याच्या वेळी अटक वा दंड करू नये, केवळ व्यवसायाच्या कारणावरून आईपासून मूल तोडू नये आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांचा आढावा घ्यावा, असे सांगितले. प्रतिबंध, संरक्षण व पुनर्वसन यांचा एकत्रित विचार करणारे विधेयक लोकसभेने जुलै २०१८ मध्ये संमत केले होते. राज्यसभेत ते मांडले गेले नाही व २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले. त्यानंतर २०२१ मध्ये नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला.